पिळलेला लगदा आणि पश्चिमेची भिंत

पोळा झाला, मारबत निघाली, गणपतीही गेले. गच्चीवरच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीने पहिला पावसाळा काढला. मे महिन्यात भिंत उभी राहिली तेव्हाच ओळखीतल्या दोघातिघांनी मागे लागून विचारलं होतं, कागदाचे ब्लॉक कसे केले ते लिहून काढा म्हणून. तेव्हा मुद्दाम लिहिलं नाही. कागदाच्या भिंतीबद्दल पावसाळ्याच्या आधी काही बोलणं मला बरोबर वाटत नव्हतं.

मी बाइंडर. महालात केळीबाग रोडच्या मागच्या गल्लीत घर, खाली दुकान. वडिलांनी सुरू केलेलं. खतावण्या, शाळांचे जर्नल, वकिलांच्या फायली, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध. कटिंग मशीन खाली आहे. जुजबंदी, म्हणजे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) शिवायचं काम, वर गच्चीवरच्या टिनाच्या छपरीत चालतं. तिथे बायको आणि मी बसतो. छपरीला तीन बाजूंनी आडोसा आहे. पश्चिमेला मात्र नुसते टिनाचे पत्रे होते, आणि एप्रिल लागला की दुपारी तीननंतर त्या पत्र्याला हात लागत नसे. चिकटवायची खळ वाटीतच धरायची. पुठ्ठ्यावर रेक्झिन चिकटवावं तर फुगे यायचे, कारण कडेची खळ आपण फडकं फिरवायच्या आत सुकून जायची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्या ४५ मध्ये टिनाला पाठ करून बसलेल्या माणसाचे हाल त्यालाच माहीत.

विटांची भिंत घालू म्हटलं तर मिस्त्री नाही म्हणाला. "खालची भित मातीची आहे भाऊ. तिच्यावर एवढं वजन काहून देता?" त्याचं बरोबर होतं. घर ऐंशी वर्षांचं, खालच्या भिंती विटा-मातीच्या, वरून चुना. त्या भिंतींवर नवा भार टाकायला कोणी जाणता माणूस तयार होणार नाही. म्हणजे भिंत हवी, पण तिचं वजन नको. आणि दुकानात कोपऱ्यात कागदाची पोती पडलेली. विचार तिथून सुरू झाला.

लगदा आमच्या घराला नवा नाही. आई उन्हाळ्यात कागदाच्या टोपल्या करायची. कागद आठवडाभर भिजवायचा, उखळात कुटायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची आणि पालथ्या मडक्यावर थापायचा. मेथी चिकट असते म्हणून लगदा धरून ठेवते, आणि कडू असते म्हणून किडा लागत नाही. तिची एक टोपली अजून आमच्याकडे आहे, तांदळाची. मी ड्रम आणला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "पिळणार कशानं?" मला तेव्हा त्या प्रश्नाचं वजन कळलं नाही. मी म्हटलं, पिळायचं कशाला, त्यात सिमेंट टाकायचंच आहे.

मागच्या वर्षी जुलैत पहिली खेप केली. १२ बाय ८ बाय ६ इंचांचा लाकडी साचा. कागद भिजवला, हातड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून त्याचा लगदा केला, त्यात सिमेंट ओतलं आणि ते पातळ प्रकरण साच्यात भरलं. बावीस ब्लॉक झाले. चौथ्या दिवशीही अंगठा दाबला की आत जात होता. वर ताडपत्री, हवेत पावसाळ्याची ओल. पंधरा दिवसांत काळी-हिरवी बुरशी आली. महिन्याने वाळले तेव्हा १२ इंचांचा ब्लॉक पावणेअकरावर आला होता आणि मधून वाकला होता. बावीसच्या बावीस फोडून कुंड्यांच्या तळाशी घातले.

सिमेंट धरलं का नाही, हे मला कळायला हवं होतं. त्या खेपेत मी जुन्या रजिस्टरांचे फाडलेले कणे टाकले होते. नव्याने बांधायला आलेल्या वहीचा जुना कणा काढावा लागतो, त्यावर खळीचे थरच्या थर असतात. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत फक्त वर्तमानपत्राचा लगदा, दुसरीत कण्यांचा. दोन्हींत सिमेंट मोजून सारखं. पेपरची वाटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टणक झाली, नखाने ओरखडा निघेना. कण्यांची वाटी तिसऱ्या दिवशीही ओल्या मातीसारखी. खळ म्हणजे मैदा. पिठूळ आणि गोड पदार्थ सिमेंटचं धरणं लांबवतात. वर्तमानपत्राच्या कागदातही लाकडाचा बराच अंश राहिलेला असतो, म्हणून तर तो उन्हात पिवळा पडतो, आणि तोही सिमेंटला थोडा अडवतोच. पण खळीइतका नाही. तेव्हापासून कण्यांचा कागद वेगळ्या ड्रममध्ये भिजतो आणि त्याचं पाणी दोनदा बदलतो. उधईच्या भीतीने लगद्यात बोरॅक्स घालावं असं कोणी सुचवलं होतं. ते मी घातलं नाही, कारण बोरॅक्सनेही सिमेंट उशिरा धरतं.

याच सुमारास इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याने सांगितलं की आपल्या नागपुरातल्याच व्हीएनआयटी या इंजिनीअरिंगच्या संस्थेतल्या संशोधकांनी यावर काम केलेलं आहे. कागद गिरणीत जुना कागद पुन्हा वापरताना जो गाळ उरतो, त्यात वजनाने १० टक्के सिमेंट घालून त्यांनी हलक्या विटा केल्या. त्यांचे निबंध २०१२ च्या सुमाराचे आहेत. मला फार बरं वाटलं. पण १० टक्क्यांचा आकडा आपल्या ड्रमला लावून चालत नाही. गिरणीच्या गाळात कागदाचे धागे कमी आणि चुनखडी, पांढरी माती असले खनिज पदार्थ भरपूर असतात. आपल्या रद्दीचा लगदा म्हणजे जवळजवळ सगळा धागाच. त्याला बांधायला सिमेंट जास्त लागतं, आणि धाग्यांच्या मधल्या जागा भरायला काहीतरी बारीक लागतं.

ते बारीक म्हणजे राखड, वीज केंद्रात दगडी कोळसा जाळून उरलेली राख. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे नागपूरच्या माणसाला राखड सांगावी लागत नाही. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखड बंधारा फुटून ती राख शेतांत आणि नदीत उतरली होती, तेव्हा ती सगळ्यांनी पाहिली. पण राखेराखेत फरक असतो. चिमणीकडे जाणाऱ्या धुरातून कोरडी धरलेली राख पावडरसारखी मऊ असते आणि सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग होऊन तीही हळूहळू घट्ट होते. बंधाऱ्यातली पाण्यात बसलेली राख जाडी, ओली आणि तितकी कामाची नसते. मला पहिल्यांदा एका गाडीवाल्याने हीच दिली होती. पोतं उघडून चिमूट बोटांत चोळली तर रेतीसारखी खरखर लागली. परत केली आणि राखडीच्या विटा पाडणाऱ्या एका कारखान्यातून चार पोती कोरडी राख आणली.

फेब्रुवारीत दुसरी खेप सुरू केली तेव्हा आईचा प्रश्न समोर होता. पिळणार कशानं? उत्तर दुकानातच होतं. वडिलांचा जुना शिकंजा, बिडाचा, वर चाक. चिकटवलेली पुस्तकं रात्रभर दाबून ठेवायला वापरतो तो. ओला लगदा बारदानात भरायचा, खाली-वर सागाची फळी, आणि चाक फिरवायचं. पहिले चार वेढे हलके जातात, पाणी भळाभळा सुटतं. मग चाक जड होतं. तिथे थांबून दहा मिनिटं वाट पाहायची, कारण धाग्यात मुरलेलं पाणी घाई केली तर सुटत नाही. मग अर्धा वेढा, पुन्हा थांबायचं. असं चार-पाच वेळा. बारदान उघडलं की आत पेंडीसारखी वडी निघते, करडी, कोमट, शाईचा वास असलेली. तिच्यातला गोळा मुठीत दाबायचा. बोटांच्या फटीतून पाणी आलं तर अजून पिळायचा आहे. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला आणि तळहात नुसता ओलसर झाला की झालं. आठ किलो कोरडा कागद असा पिळून पंचवीस-सव्वीस किलोंवर येतो.

सिमेंट घालायचं ते यानंतर. आधी घालून मग पिळलं तर शिकंज्यातून करडं पाणी येतं, आणि ते करडं पाणी म्हणजे आपलंच सिमेंट. सिमेंट, राखड आणि रेती कोरडी एकत्र करायची, लगद्याची वडी हाताने कुस्करून त्यात मळायची. वेगळं पाणी लागत नाही, लगद्यातलंच पुरतं. मग साच्यात भरून लाकडी धुम्मसाने बेताचं ठोकायचं. माझं एका ब्लॉकचं प्रमाण असं बसलं: कोरडा कागद दीड किलो, सिमेंट दोन, राखड एक, कन्हान नदीची रेती पाऊण किलोच्या थोडी वर. एका ड्रममधून पाच ब्लॉक. सव्वाशे ब्लॉकला पंचवीस ड्रम, आठवड्याला दोन-तीन. सिमेंट एकूण पाच पोती लागलं.

पाण्यावरून आईची बोलणी खाल्ली. उन्हाळ्याच्या तोंडावर पेंच धरणाचं पाणी असं ड्रमाड्रमाने ओतायचं का, हा तिचा सवाल. म्हणून पेपरच्या ड्रमचं पिळलेलं पाणी पुढच्या ड्रमला वापरलं. कण्यांचं पाणी मात्र टाकावंच लागतं, कारण त्यात सगळी खळ उतरलेली असते आणि चौथ्या दिवशी आंबते.

नागपूरच्या उन्हाचा या कामात फायदाही आहे आणि धोकाही. कागद पाणी सोडायला बघतो, सिमेंटला पाणी हवं असतं. मार्चचा कोरडा वारा ब्लॉकला लागला तर वरचा थर एका दिवसात सुकतो, आत ओल राहते आणि तडा जातो. म्हणून पहिले सात दिवस ओल्या पोत्याखाली, सावलीत तराई, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं. त्यानंतर उघड्यावर, एकमेकांत दोन बोटं जागा ठेवून उभे, रोज एक कूस बदलायची. एप्रिल संपता संपता खणखणीत झाले. १२ इंचांचे पावणेबारा राहिले. ओला ब्लॉक पावणेनऊ किलोंचा होता तो साडेपाचवर आला. तेवढ्याच आकाराची पक्की वीट केली तर सतरा किलोंच्या आसपास भरेल. मिस्त्रीने एक ब्लॉक एका हाताने उचलला, दुसऱ्या हातात दिला, पुन्हा पहिल्या हातात घेतला. काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी कामावर आला.

भार या भिंतीवर काहीच नाही, हे आधी सांगतो. टिनांचं वजन लोखंडी पाइपांच्या चौकटीवर आहे, ब्लॉक नुसते मध्ये भरलेले आहेत. कागदाच्या ब्लॉकवर स्लॅब टाकायचा विचार कोणी करू नये. जमिनीलगतही लावू नयेत. माझ्या भिंतीचे खालचे दोन थर राखडीच्या विटांचे आहेत, कारण कागदाच्या ब्लॉकचे पाय ओले झाले तर पाणी वर चढत जातं. कोणत्याही कागदाचं टोक पाण्यात धरून बघा.

बांधताना एक दिवस वाया गेला. मी दुकानात होतो आणि मिस्त्रीने तीस वर्षांच्या सवयीने तीस ब्लॉक विटांसारखे पाण्याच्या टाक्यात टाकले. मी वर आलो तेव्हा बुडबुडे येत होते. काढून तोलले तर एकेक नऊ किलोंच्या पुढे. फुटला एकही नाही, आणि त्याबद्दल मला समाधान वाटलं, कारण सिमेंटने नीट धरलं होतं. पण वाळायला चार दिवस गेले. पुढे नुसता पाण्याचा हात फिरवून बसवले, म्हणजे मसाल्यातलं पाणी ब्लॉक ओढून घेत नाही. खिडकीभोवती ब्लॉक कापायचे होते तिथे साधी करवत चालली. मिस्त्रीला ते फार आवडलं.

आगीची परीक्षा मी घेतली होती. शेगडीतल्या निखाऱ्यांवर एक ब्लॉक ठेवला. ज्वाळा आली नाही, पण जिथे निखारा टेकला तिथे तो आतल्या आत धुमसत राहिला. विझला असं वाटलं आणि सकाळी बघतो तर बोटभर खोल खळगा. म्हणून दोन्ही बाजूंनी कोंबडी जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा आहे आणि विजेची एकही वायर या भिंतीतून नेलेली नाही. बोर्ड समोरच्या भिंतीवर आहे. ज्यांच्या घरात गवऱ्यांची किंवा लाकडाची चूल आहे त्यांनी चुलीमागे हे ब्लॉक अजिबात लावू नयेत.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी थर्मामीटर लावून बसलो. दुपारी चारला बाहेर सावलीत ४४, खोलीत कूलर बंद ठेवून ३९. वरून टिनाचा ताप येतोच, त्याचं अजून काही केलेलं नाही. पण पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर ती नुसती कोमट होती. बायको त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकून फर्मे शिवत बसली. खळ वाटीत ओली राहिली. ३९ हा आकडा मुंबई-पुण्याच्या माणसाला भयंकर वाटेल, मला त्या दिवशी तो फार मोठा वाटला नाही.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. ब्लॉक बघून बरेच जण म्हणतात की तुमच्याकडे तर एवढी पांढरी कतरण निघते, सगळीचे ब्लॉक करा. ते मी करणार नाही. खतावणीच्या लेजर पेपरची कतरण म्हणजे लांब, मजबूत धाग्याचा कागद. रद्दीवाल्यामार्फत ती गिरणीत जाते आणि तिचा पुन्हा कागद होतो. प्रत्येक फेरीत धागा तुटून आखूड होतो, पण बऱ्याच फेऱ्या निघतात. एकदा सिमेंटमध्ये मळला की त्या धाग्याचा कागद पुन्हा कधीच होत नाही. ज्याने आयुष्यभर कागदावर पोट भरलं त्याने निदान एवढं बघावं. भिंतीत जायचा कागद म्हणजे रद्दीवाला जो नाकारतो तो: पावसात भिजलेली वर्तमानपत्रं, खळीने माखलेले कणे, उंदरांनी कुरतडलेले गठ्ठे, टाचण्यांनी गंजलेले कागद. टाचण्या लोहचुंबकाने काढतो. प्लास्टिकचा पापुद्रा असलेली कव्हरं घेत नाही, तो पापुद्रा लगद्यात तसाच राहतो. चकचकीत मासिकाचा कागदही कमीच घेतो. त्यावर मातीचा लेप असतो, वजन भरतं पण धागा मिळत नाही. वर्तमानपत्र दोन दिवसांत भिजतं, लेजर पेपरला आठ दिवस लागतात, कारण शाई पसरू नये म्हणून त्याला मुळातच पाणी पिऊ नये असा लेप दिलेला असतो. हे सगळं मला धंद्यामुळे माहीत होतं, फक्त ड्रममध्ये हात घालेपर्यंत त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पावसाळ्याचा हिशोब असा. टिनाची वळचण दीड फूट बाहेर काढली होती, त्यामुळे सरळ पावसाने भिंतीला काही केलं नाही. जुलैत तीन दिवस पश्चिमेचा झोड पाऊस झाला, तेव्हा गिलाव्यावर बाहेरून ओल दिसली. आत आली नाही, दोन दिवसांत सुकली. बुरशी नाही, उधई नाही. पण खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग पडला. बोटाने वाजवलं तर बद्द आवाज. गिलावा खरवडून पाहिलं, आतला ब्लॉक नरम झाला होता, नख टोचलं की रुतत होतं. शेजारचा, वरचा, खालचा, तिन्ही कोरडे. चूक खिडकीच्या पट्टीची. ती सपाट बसवली गेली, वरून गळलेलं पाणी तिच्यावर थांबलं आणि मागच्या फटीतून आत उतरलं.

सध्या तो कोपरा उघडा ठेवला आहे, ऑक्टोबरच्या उन्हात वाळेल. दिवाळीनंतर तेवढा ब्लॉक करवतीने कापून काढायचा आणि शिल्लक राहिलेल्या तेरातला एक बसवायचा. पट्टी आता कडप्प्याची, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, खालच्या अंगाला पाणी तुटायला खाच पाडून. माप घेऊन ठेवलं आहे, तीन फूट चार इंच.